सहा गोळ्या की पंधरा?

टेक्सासमधल्या एका श्रोत्याचा प्रश्न: कपड्यांआड बाळगायच्या पिस्तुलात गोळ्या किती हव्यात? माझ्या इंजिनिअर डोक्याला हा सरळ ट्रेड-ऑफ दिसतो. ग्लॉक १९ च्या मॅगझिनमध्ये १५ गोळ्या, पण मूठ लांब, टी-शर्टखाली उठून दिसते. ग्लॉक ४३ चपटं, पण गोळ्या ६ च. २०१८ मध्ये सिग सॉअरच्या पी३६५ ने गोळ्या नागमोडी रचून जवळपास तेवढ्याच आकारात १० बसवल्या. न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियात तर कायद्याची मर्यादाच १० ची.

मग घ्यायचं कुठलं? जड म्हणून घरीच राहिलं, तर १५ चे शून्य होतात. फार छोटं घेतलं, तर झटका जास्त, नेम चुकतो. आणि चुकलेली गोळी कुणाला लागली तर जबाबदार तुम्हीच. म्हणून आधी रेंजवर दोन्ही चालवून बघा. ज्याने नेम बसतो आणि जे रोज जवळ राहतं, ते निवडा. आकडा त्यानंतर.