दुखण्यावरची ट्यूब : ते औषध आहे, तेल नव्हे

वर्षावास सुरू झाला की विहारात सायंकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन सुरू होते. तास-दीड तास मांडी घालून बसायचे आणि सरणत्तय झाले की उठायचे. त्या उठण्यातच खरी परीक्षा असते. कुणी भिंतीचा आधार घेते, कुणी गुडघ्यावर हात दाबते. मग पायरीवर चपला शोधता शोधता विषय निघतो तो गुडघ्यांचाच. कुणी कोणती ट्यूब लावली, कोणत्या मेडिकलवाल्याने कोणती गोळी दिली, कुणाला कशाने उतार पडला. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, घमेली वाहणाऱ्या, कचऱ्याच्या गाडीवर काम करणाऱ्या अंगाला दुखणे काही नवे नाही.

ट्यूब आता घरोघरी आहे. टीव्हीमागे किंवा खिडकीच्या फळीवर ती ठेवलेली असते. आजीच्या गुडघ्याला तीच, मुलाच्या मुरगळलेल्या पायाला तीच आणि पोटुशी सुनेच्या कंबरेलाही तीच. तिने उपकार केले आहेत यात शंका नाही, पण घरातल्या प्रत्येकाने तिच्याकडे खोबरेल तेलासारखे पाहावे, अशी ती वस्तू नाही.

आधी ट्यूबवरचे बारीक अक्षर वाचा. नसेल जमत तर घरातल्या शाळकरी मुलीकडून वाचून घ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, किटोप्रोफेन किंवा पिरॉक्सिकॅम यांपैकी एखादे नाव दिसले, तर ते सूज आणि दाह कमी करणारे औषध आहे. फक्त मेंथॉल, कापूर, निलगिरी, गंधपुऱ्याचे तेल एवढेच असेल, तर तो बाम आहे. बाम त्वचेला गार-गरम झोंबतो, त्यामुळे खालच्या दुखण्यावरचे लक्ष उडते आणि थोडा वेळ बरे वाटते. सूज मात्र त्याने फारशी हलत नाही. आपल्याकडच्या पुष्कळ ट्यूबमध्ये दोन्ही एकत्र असतात : डायक्लोफेनॅकही आणि मेंथॉलही. म्हणून लावल्याबरोबर जो गारवा जाणवतो, त्यावरून औषध ‘लागू पडले’ असे समजू नये. तो गारवा मेंथॉलचा असतो. डायक्लोफेनॅक आपले काम सावकाश करते, आणि जुन्या गुडघेदुखीत फरक कळायला आठवडाही लागू शकतो.

हे काम नेमके कसे चालते, ते कळले की पुढचे सगळे नियम आपोआप कळतात. कुठे मार लागला, मुरगळले किंवा सांधा झिजला की शरीर तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करते. त्यांच्यामुळे सूज येते आणि दुखते. डायक्लोफेनॅक ही द्रव्ये बनू देत नाही. पण हीच द्रव्ये शरीरात दुसरीकडे उपयोगाची आहेत. जठराच्या आतल्या अस्तराला ती आम्लापासून वाचवतात आणि मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा प्रवाह राखतात. गोळी घेतली की ती रक्तातून सगळीकडे जाते, दुखणाऱ्या गुडघ्यातही आणि न दुखणाऱ्या जठरातही. म्हणूनच दुखण्याच्या गोळीने पोटात आग पडते, कुणाला जखम होते, कुणाचे मूत्रपिंड दुखावते.

त्वचेवर लावलेल्या जेलचे मोल इथे आहे. ते जिथे लावले तिथेच जास्त मुरते. गुडघ्याला सांगितलेल्या प्रमाणात लावले, तर गोळीच्या तुलनेत रक्तात शंभरात सहा भागांच्या आसपासच औषध पोहोचते. त्यामुळे गुडघा, बोटे, मनगट, घोटा अशा त्वचेजवळच्या सांध्यांना गोळीच्या आधी जेल लावून पाहणे शहाणपणाचे असते. खुब्याचा सांधा मात्र खोल असतो, तिथे जेल पोहोचत नाही. झिजलेला गुडघाही त्याने पुन्हा नवा होत नाही. काहींना चांगला आराम पडतो, काहींना पडत नाही.

हा फायदा आपणच घालवतो. मेडिकलवर जाऊन ‘काहीतरी द्या’ म्हटले की ट्यूबबरोबर गोळ्यांची पट्टी हातात पडते. त्या गोळीतही बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक किंवा ॲसेक्लोफेनॅकच असते. म्हणजे एकाच जातीचे औषध बाहेरूनही आणि आतूनही. त्यात डोकेदुखीसाठी आयबुप्रोफेनची एखादी गोळी पडली की तिसरी वाट उघडली. दुखणे तिप्पट वेगाने जात नाही, धोका मात्र वाढतो. जेल लावत असताना आणखी गोळी लागतेच असे वाटले, तर डॉक्टरांना विचारून साधी पॅरासिटामॉल घ्यावी. ती या जातीची नाही. पण तिचीही मर्यादा आहे आणि यकृताचा आजार किंवा रोजची दारू असेल तर ती मर्यादा आणखी खाली येते.

जाता जाता गिधाडांची गोष्ट. आपल्या जुन्या माणसांनी गिधाडे जवळून पाहिली होती, कारण मेलेले ढोर ओढण्याचे काम आपल्याच माथी मारलेले होते. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून ते आपण सोडले. पुढे गिधाडेच दिसेनाशी झाली. त्याचे मोठे कारण डायक्लोफेनॅक निघाले. ते दुखणाऱ्या जनावरांना टोचत, आणि असे जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. २००४ साली संशोधकांनी हे दाखवून दिले आणि २००६ साली भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसाचे शरीर गिधाडापेक्षा हे औषध पुष्कळ जास्त सोसते, त्यामुळे ट्यूब फेकून देण्याचे कारण नाही. पण ज्याचे मूत्रपिंड मधुमेहाने किंवा रक्तदाबाने आधीच थकले आहे, त्याने हे औषध मनानेच, महिनोन्‌महिने, दोन्ही वाटांनी घेऊ नये.

आता लावण्याची रीत. त्वचा स्वच्छ आणि कोरडी हवी. जखम, खरूज, भाजलेली जागा नको. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत जेलची रेघ काढली तर ती साधारण अर्धा ग्रॅम होते. एका गुडघ्याला एका वेळी २ ते ४ ग्रॅम, म्हणजे अशा ४ ते ८ रेघा, आणि दिवसातून ३–४ वेळा, असे बहुतेक जेलचे प्रमाण असते. तरी आपल्या ट्यूबच्या कागदावर किंवा डॉक्टरांनी जे सांगितले तेच खरे. ३० ग्रॅमची ट्यूब या हिशेबाने किती दिवस पुरणार, हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच वाटाण्याएवढे जेल घेऊन दोन्ही पाय, कंबर, खांदे सगळे चोळण्यात अर्थ नाही. जो सांधा जास्त दुखतो, तो एक धरा. जनऔषधी केंद्रात तीच जेल पुष्कळ स्वस्त मिळते. तिथे ब्रँडचे नाव न सांगता घटकाचे नाव सांगावे.

हलक्या हाताने पसरवा, रगडून मालिश नको. वरून गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, प्लास्टिक किंवा घट्ट पट्टी बांधू नका. उष्णतेने आणि झाकल्याने औषध जास्त प्रमाणात आत जाते, आणि त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. शेकायचेच असेल तर जेल लावण्याआधी शेका आणि त्वचा थंड होऊ द्या. लावल्यावर तासभर तो भाग धुऊ नका, उन्हात उघडा ठेवू नका. हात साबणाने धुवा, नाहीतर तोच हात डोळ्याला लागतो किंवा भाकरीच्या पिठात जातो. बोटांच्या सांध्यांना लावले असेल तर मात्र हात तासाभराने धुवा.

गरोदरपणात, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे लावू नये. बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी आणि गर्भजल यांवर या औषधांचा परिणाम होतो. अंगावर पाजणाऱ्या आईने छातीला लावू नये. ॲस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळीने ज्यांना दमा उठतो, अंगावर गांधी येतात, त्यांनी जेलही टाळावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पोटात अल्सर असेल, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, तर आधी विचारा. आणि एक गोष्ट आयाबायांनी लक्षात ठेवावी : गंधपुऱ्याचे तेल चमचाभर जरी लहान मुलाच्या पोटात गेले तरी जिवावर बेतते. बाटली आणि ट्यूब हाताला न लागेल अशा जागी ठेवा.

मुरगळ-लचक असेल आणि आठवड्यात उतार नसेल, तर दवाखाना गाठा. आपल्या मनाने दोन आठवड्यांपुढे लावत राहू नका. आणि काही दुखणी अशी असतात की तिथे ट्यूब उघडण्यातच वेळ वाया जातो. छाती, डावा हात, जबडा किंवा खांद्यात कळ येऊन घाम फुटला, तर बाम चोळत बसू नका, सरळ इस्पितळात न्या. एका पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, सांधा लाल-गरम होऊन ताप आला, पडल्यावर पाय टेकवत नाही, कंबरदुखीबरोबर पाय बधिर झाले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दाखवा. पाठदुखी महिनाभर हटत नाही, संध्याकाळी कणकण असते, वजन उतरते, ही मणक्याच्या क्षयाची चिन्हे असू शकतात.

बाबासाहेबांना मधुमेह होता आणि पायांच्या नसांच्या दुखण्याने त्यांना फार छळले. मधुमेहात तळपायांची आग होते, मुंग्या येतात. ते दुखणे नसांचे असते, सांध्याचे नव्हे. त्यावर ही जेल चालत नाही. तिथे साखर तपासून घ्यावी लागते.

विदर्भातल्या घरांसाठी आणखी एक. सिकलसेल हा आजार आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या आहे. मूल किंवा तरुण पोरगा वरचेवर ‘हाडे दुखतात’ म्हणत असेल, डोळे पिवळसर दिसत असतील, थंडीत किंवा पाणी कमी पडले की दुखणे उठत असेल, तर त्याला अभ्यासाचा कंटाळा आला आहे असे समजून ट्यूब लावून झोपवू नका. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडालाही इजा होते, त्यामुळे दुखण्याची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावी लागतात. रक्ताची तपासणी सरकारी रुग्णालयात होते. जाताना घरात लावतो ती ट्यूब आणि घेतो त्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाकून न्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा.