जुन्या बेळगावात घर भाड्याने घेताना

प्रवेशाचे दिवस आले, की गोव्यातील अनेक घरांत बेळगावचे नाव निघते. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी शिक्षण, घरातील कोणाचे दीर्घकाळ चालणारे उपचार, नोकरीतील बदली. कारण कोणतेही असो, चोर्ला घाट ओलांडून गेलेल्या कुटुंबाला पहिला शोध घ्यावा लागतो तो घराचा. नव्या वसाहतींतील सदनिकांचे भाडे ऐकल्यावर पावले जुन्या गल्ल्यांकडे वळतात. शहापूर, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, खडेबाजार या भागांत कौलारू छपराची, ओसरी-माजघराची, परसात आड असलेली घरे अद्याप आहेत. शेजार मराठी बोलणारा, बाजार हाकेच्या अंतरावर आणि भाडे तुलनेने कमी. अशा घराचे भाडे किती, हे नंतर विचारावे. ते कोणाच्या नावावर आहे, हे आधी विचारावे.

आज एक दिसणारे हे शहर मुळात वेगवेगळ्या सत्तांखाली वाढलेल्या वस्त्यांचे आहे. किल्ला आणि त्यातील तेराव्या शतकारंभीची कमल बस्ती ही सर्वांत जुनी खूण. किल्ल्याच्या पश्चिमेला पेठ वाढली. ब्रिटिश लष्करासाठी कॅम्प वसवला गेला. हातमागाच्या साड्यांसाठी नावाजलेले शहापूर तर संस्थाने विलीन होईपर्यंत सांगलीच्या पटवर्धनांकडे होते. हा इतिहास भाडेकरूच्याही कामाचा आहे, कारण मालमत्तेचे कागद त्याच वाटेने आले आहेत. जुन्या खरेदीखतात मराठी, क्वचित मोडीही आढळते. चालू नोंदी कन्नडमध्ये असतात. कॅम्पमधील काही जुन्या बंगल्यांची जमीन केंद्र सरकारची असून राहणाऱ्याकडे केवळ वहिवाटीचा हक्क असतो. तेथे घर घेताना छावणी मंडळाच्या नोंदी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पेठेतील आणि शहापुरातील घरांची अडचण निराळी आहे. आजोबांच्या नावावरचा वाडा तीन मुलगे, दोन मुली आणि त्यांच्या मुलांपर्यंत येतो, पण वाटणी झालेली नसते. एक भाऊ वाड्यात राहतो, दुसरा पुण्याला, तिसरा बेंगळुरूला. बहिणींना कोणी विचारलेले नसते, त्यांचा हक्क मात्र असतो. वाड्यात राहणारा भाऊ पुढच्या दोन खोल्या भाड्याने देतो, अनामत घेतो आणि सारे सुरळीत चालते, जोवर वाडा पाडून इमारत बांधण्यासाठी कोणी बिल्डर विचारणा करीत नाही. मग वाटणीचा दावा दाखल होतो आणि भाडे नेमके कोणाला द्यायचे, असा पेच भाडेकरूपुढे उभा राहतो. एका सहमालकाने केलेला करार इतरांवर बंधनकारक ठरेलच असे नाही. दावा चालू असताना घर घेतले असेल, तर साधारणपणे त्या दाव्याचा निकाल भाडेकरूलाही लागू होतो. शिवाय ज्याच्याकडून आपण घर घेतले, त्याची मालकी भाडेकरार चालू असताना आपल्याला नाकारता येत नाही, असा पुराव्याच्या कायद्याचा दंडक आहे. म्हणून शंका सहीपूर्वीच घ्यावी.

उपाय कटकटीचा आहे, अवघड नाही. सिटी सर्व्हेचा उतारा आणि महापालिकेकडील खात्याची नोंद यांवर नाव कोणाचे आहे ते पाहावे. उपनिबंधकांकडून मिळणाऱ्या ऋणभार प्रमाणपत्रावरून नोंदणीकृत गहाण किंवा विक्रीचे व्यवहार कळतात. नावे एकाहून अधिक असतील, तर सर्वांच्या सह्या किंवा निदान लेखी संमती मागावी. पत्नीच्या वा मोठ्या भावाच्या वतीने सही करणाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यावे. भाडे बँकेतून द्यावे. रोख द्यावे लागलेच, तर पावती घ्यावी. दोन खोल्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे मालक हसून म्हणेल, म्हणू द्यावे.

आता कायद्याविषयी. गोव्यात १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा आहे, त्यामुळे भाडेकरूला सहजी काढता येत नाही, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. ती सोबत घेऊन बेळगावला जाऊ नये. कर्नाटकात १९९९ चा भाडे कायदा असला, तरी मोठ्या शहरांत दरमहा ३५०० रुपयांहून आणि इतरत्र २००० रुपयांहून अधिक भाड्याच्या जागा त्याच्या कक्षेबाहेर आहेत. आजच्या दरांत बहुतेक घरे या मर्यादेपलीकडे जातात. मग उरतो तो मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि आपण सही केलेला करार. करारात काही लिहिलेले नसेल, तर महिन्याच्या बोलीवर घेतलेल्या राहत्या घरासाठी पंधरा दिवसांची नोटीस पुरते. परीक्षेच्या तोंडावर पंधरा दिवसांत दुसरे घर शोधणे म्हणजे काय, हे पालकांना सांगायला नको. नोटिशीची मुदत दोन किंवा तीन महिने अशी स्पष्ट लिहून घ्यावी.

अकरा महिन्यांच्या कराराची रीत नोंदणी कायद्यातून आली आहे. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. ते टाळण्यासाठी अकरा महिने. निपाणीला हा फरक फार जवळून दिसतो. तंबाखूच्या वखारींचे हे गाव कर्नाटकात, तर महामार्गाने थोडे पुढे गेल्यावर लागणारे कागल महाराष्ट्रात. कागलात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. निपाणीत ‘महाराष्ट्रात असे चालते’ म्हणून भागत नाही. बातम्यांत सीमाप्रश्न जेवढा दिसतो, तेवढा घर शोधताना जाणवत नाही. तो जाणवतो असा कागद हाती आल्यावर.

कर्नाटकातील शहरांत आणखी एक पद्धत आढळते. महिन्याचे भाडे नाही. एकरकमी काही लाख रुपये द्यायचे, दोन-तीन वर्षे राहायचे आणि जाताना ती रक्कम परत घ्यायची. कन्नडमध्ये तिला ‘भोग्य’ म्हणतात, बोलण्यात नुसते ‘लीज’. हिशेबाला ती आकर्षक दिसते. पण मालकाने ते पैसे खर्च केले असतील, तर पुढचा भाडेकरू येईपर्यंत परतफेड रखडते. घरावर आधीचे बँकेचे कर्ज असेल, तर जप्तीच्या वेळी बँकेचा हक्क पुढे असतो. एवढ्या मुदतीचा दस्त नोंदवलेला नसेल, तर न्यायालयात त्याचे बळ कमी पडते. वाटणी न झालेल्या वाड्यात तर या वाटेला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

साध्या अनामतीलाही इकडे कायद्याची ठाम मर्यादा समजू नये. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे, पण राज्याने स्वीकारल्याखेरीज ती लागू होत नाही.

जुन्या घराची प्रकृतीही पाहून घ्यावी. अमेरिकेत १९७८ पूर्वी बांधलेले घर भाड्याने देताना भिंतींवरील शिसेयुक्त रंगाबद्दल मालकाला माहिती असेल, ते भाडेकरूला लेखी कळवावे लागते. आपल्याकडे असे कोणी सांगत नाही, विचारावे लागते. बेळगावचा पाऊस गोव्याहून कमी, तरी मातीच्या भिंतीला पुरून उरणारा. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत बेळगाव जिल्ह्यात असंख्य घरे पडली. वासे वाळवीने खाल्लेत का, कौले शेवटची कधी चाळली, भिंतीला कोठे फुगवटा आहे का, विजेची तारजोडणी किती जुनी, हे दिवसाउजेडी पाहावे आणि छायाचित्रे काढून ठेवावीत. मालकाने करायची दुरुस्ती त्याने कळवूनही केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करण्याची तरतूद मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे. मात्र ‘सर्व दुरुस्ती भाडेकरूची’ हे वाक्य करारात शिरले असेल, तर हा आधार जातो.

पाण्याची वेळ मालकाला न विचारता शेजारणीला विचारावी. नळ रोज येत नसेल, तर टाकी केवढी आणि आडाचे पाणी वापरात आहे का, यावर दिवसाचे सारे वेळापत्रक ठरते.

विजेचे बिल हेस्कॉमचे असते. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजनेखाली २०० युनिटपर्यंतच्या घरगुती वापराला, मागील सरासरीच्या मर्यादेत, बिल येत नाही आणि भाडेकरूलाही तिचा लाभ मिळू शकतो. त्यासाठी मीटरचा आर. आर. क्रमांक आधारशी जोडावा लागतो आणि पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार लागतो. आधीच्या भाडेकरूचे आधार त्या मीटरला जोडलेले असेल, तर ते आधी काढून घ्यावे. अन्यथा नव्याची नोंद होत नाही. मालकाला हे काम किल्ली हातात घेण्यापूर्वीच सांगावे आणि त्या दिवशीचा मीटरचा आकडा करारावरच लिहून दोघांनी सही करावी.