घरातील यंत्र अकाली बिघडले तर

संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा ‘समाज व शिक्षण’ असा विषय सुचविला होता. त्या विषयावर आम्ही पंधरा-वीस वर्षे भाषणे केली आहेत व त्याहून अधिक ऐकली आहेत. त्यात येथे भर घालावी असे वाटले नाही. त्यापेक्षा आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात ज्या गोष्टीपायी घरोघरचा पैसा व्यर्थ जाताना दिसतो, तिच्याविषयी चार उपयोगाच्या गोष्टी लिहाव्यात असे ठरविले. ती गोष्ट म्हणजे अकाली बिघडणारी घरगुती यंत्रे : फ्रिज, कूलर, मिक्सर, गिझर, कपडे धुण्याचे यंत्र.

आरंभ स्वतःपासूनच करतो. २०२२ च्या मार्चअखेरीस, रमजानच्या तोंडावर, आम्ही नागपूरहून एक फ्रिज आणला. आमच्या मातोश्रींस मधुमेह आहे व त्यांचे इन्सुलिन थंड जागी ठेवावे लागते. सरबताचा विचार त्यानंतरचा. २०२३ च्या मे महिन्यात, चौदा महिने होतात न होतात तोच, ऐन नवतपात फ्रिज बंद पडला. पहिल्या रात्री इन्सुलिनची बाटली डब्यात घालून तो डबा माठाच्या पाण्यात सोडला. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये जागा मागितली, व पुढे अठरा दिवस आमची मुलगी सुईच्या वेळी सकाळ-संध्याकाळ त्यांचे दार वाजवीत असे. काकूंनी कधी कपाळाला आठी घातली नाही, हे त्यांचे मोठेपण.

दुकानदाराने फोनवर आम्हांस तीन गोष्टी सांगितल्या. वर्षाची गॅरंटी संपली आहे. तुमच्या गावात व्होल्टेज कमी-जास्त होते, त्यास आम्ही काय करणार? आणि एवढे करून भांडावयाचेच असेल तर नागपूरला यावे लागेल, बिलावर तसे छापले आहे. ही तीन उत्तरे आपल्याकडील प्रत्येक गिऱ्हाइकास केव्हा ना केव्हा ऐकावी लागतात, व बहुतेक जण पहिल्या उत्तरालाच घरी परततात. म्हणून ती एकेक तपासून पाहू.

गॅरंटीचे कार्ड आम्ही कपाटातून काढले. संपूर्ण यंत्रास १ वर्ष, कॉम्प्रेसरला १० वर्षे. मात्र त्याखाली इतक्या बारीक अक्षरांत, की भिंग आणावे लागले, असे लिहिले होते की वर्षानंतर कॉम्प्रेसर हा सुटा भाग तेवढा फुकट मिळेल. गॅस भरणे, मजुरी व नेण्या-आणण्याचा खर्च गिऱ्हाइकाचा. ‘१० वर्षे’ पेटीवर ठळक, आणि त्याचा अर्थ पेटीच्या आत! पुढे हेच कार्ड आम्ही दहावीच्या वर्गात वाचावयास दिले, तेव्हा इंग्रजीत चांगले गुण मिळविणारी मुलेही तिसऱ्या ओळीवर अडखळली. घरी मराठी, कचेरीत हिंदी, आणि हक्काचा कागद तेवढा इंग्रजीत, अशी आपली अवस्था आहे.

परंतु गॅरंटी संपली म्हणजे हक्क संपला, ही समजूत खरी नव्हे. गॅरंटी हे कंपनीने आपणहून दिलेले वचन होय. कायदा त्याहून निराळा व जुना आहे. १९३० च्या मालविक्री कायद्यातच, ज्या कामासाठी वस्तू घेतली त्या कामास ती योग्य असली पाहिजे, ही अट ठरावीक परिस्थितीत गृहीत धरलेली आहे. पुढे १९७० नंतरच्या दशकात पुण्याचे बिंदुमाधव जोशी व त्यांची ग्राहक पंचायत यांनी ही चळवळ महाराष्ट्रात उभी केली, आणि १९८६ च्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. या कायद्याच्या भाषेत वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता वा शुद्धता यांत कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्याप्रमाणे जेवढे असावयास हवे त्यात उणेपणा राहिला, तर तो ‘दोष’ होय. त्या व्याख्येत गॅरंटीच्या महिन्यांचा उल्लेख नाही. तक्रारीची मुदत मात्र आहे : तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. गॅरंटीच्या आत यंत्र बिघडले तर काम सोपे असते. गॅरंटीनंतर तो दोष मुळातच होता, वापराने आला नाही, हे दाखविण्याचा भार आपल्यावर येतो. पाच वर्षे राबलेल्या मिक्सरसाठी कोणी भांडू नये.

दुसरे उत्तर व्होल्टेजचे. हे नेहमीच खोटे असते असे नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी आपल्याकडे दिवे कसे मंदावतात हे आपण जाणतोच. पण बिघाड त्यानेच झाला, हे नुसते बोलून ठरत नाही. तपासणीवाचून दोष कळण्यासारखा नसेल तर आयोग ती वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून आमची पहिली सूचना अशी की, यंत्र बंद पडताच चौकातल्या ओळखीच्या मेकॅनिकला बोलावून ते उघडू नका. तो बिचारा चांगल्याच हेतूने उघडील, पण मग कंपनी म्हणेल की यंत्रास परक्या हाताने हात लावला. आधी कंपनीचा माणूस बोलवावा, आणि त्याने काय पाहिले ते त्याच्याकडून तारखेसह कागदावर लिहून घ्यावे. आमच्याकडे आलेला तरुण लिहून देण्यास तयार नव्हता. चहा झाल्यावर त्याने ‘कॉम्प्रेसर निकामी’ एवढे दोन शब्द लिहून सही केली. पुढे सर्व काम त्या दोन शब्दांनी केले.

तिसरे उत्तर, नागपूरला या, हे आपल्या भागाचे खरे दुखणे आहे. आपला सारा व्यवहार नागपूरशी. संत्री तिकडे जातात, रोगी तिकडे जातात, लग्नाचा बस्ता तिकडून येतो आणि फ्रिजही तिकडूनच येतो. पण नागपूर महाराष्ट्रात व आपण मध्य प्रदेशात. १९८६ च्या कायद्याखाली तक्रार साधारणपणे जेथे दुकानदार वा कंपनी व्यवसाय करते किंवा जेथे तक्रारीचे कारण घडले, तेथे करावी लागे. नागपुरात घेतलेल्या वस्तूसाठी प्रत्येक तारखेस दुसऱ्या राज्यात जावयाचे, एक रजा, दोन वेळचे भाडे; मिक्सरच्या किमतीपेक्षा खेपाच महाग पडावयाच्या. २०१९ च्या कायद्याच्या ३४ व्या कलमाने हे बदलले. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा जेथे स्वतः काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. आमच्या प्रसंगी पांढुर्णा व सौंसर दोन्ही छिंदवाडा जिल्ह्यात होते. पांढुर्णा हा निराळा जिल्हा त्याच वर्षी, २०२३ च्या ऑक्टोबरात झाला. छिंदवाडाही काही अंगणात नव्हते, पण ते आपल्या राज्यात होते. बिलावरची ‘सर्व वाद नागपूर न्यायकक्षेत’ ही छापील ओळ कायद्याने दिलेला हा हक्क काढून घेऊ शकत नाही. घरबसल्या मागविलेल्या वस्तूसही हाच नियम. मग ती विकणारी कंपनी बंगळूरची असो की दिल्लीची.

बिलाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. “पक्के बिल हवे की थोडे कमी करून देऊ?” हा प्रश्न ऐकून आपण खूष होतो, आणि तेथेच आपला हक्क काउंटरवर ठेवून येतो. बिल न देणे हा या कायद्याखाली अनुचित व्यापारी व्यवहार आहे. तसेच, सदोष माल बिलात सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास व पैसे देण्यास नकार देणे हाही तसाच व्यवहार होय. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या भिंतीवरच्या पाटीचे तेज त्यापुढे फिके पडते. बिलाची शाई वर्षभरात उडून जाते, म्हणून घरी येताच त्याचा फोटो काढून ठेवावा.

आम्ही पुढे काय केले? आठवड्यानंतर दुकानदार व कंपनी या दोघांनाही हिंदीत एक पानाचे पत्र स्पीड पोस्टाने पाठविले : वस्तू, तारीख, बिघाड, मेकॅनिकचे दोन शब्द, आणि १५ दिवसांत कॉम्प्रेसर बसवून द्यावा अशी मागणी. शिव्या एकही नाही, विशेषणेही नाहीत. त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ या क्रमांकाला, फोन करून तक्रार नोंदविली व तिचा क्रमांक वहीत लिहून घेतला. या हेल्पलाइनला निकाल देण्याचा अधिकार नाही. ती तक्रार कंपनीपर्यंत पोचवून समेट घडविण्याचा यत्न करते. आमच्या बाबतीत तेवढे पुरले. अठराव्या दिवशी नवा कॉम्प्रेसर बसला, व गॅस आणि मजुरी यांचे पैसे कोणी मागितले नाहीत. त्या दिवसांच्या त्रासाची भरपाई आम्ही मागितली नाही. ती मागावयास हवी होती, असे आता वाटते.

समेट झाला नसता तर जिल्हा आयोग होताच. ५० लाख रुपयांपर्यंत किंमत दिलेल्या वस्तूंच्या तक्रारी तेथे चालतात, आणि ५ लाखांपर्यंत काहीही शुल्क नाही. वकील केलाच पाहिजे असे नाही. अर्ज आता ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावरून पाठविता येतो, व दृक्श्राव्य पद्धतीने सुनावणीची मागणी करता येते. आयोग दोष दूर करण्यास, वस्तू बदलून देण्यास, पैसे परत करण्यास, तसेच भरपाई देण्यास सांगू शकतो. निकालास ३ महिने, प्रयोगशाळेची तपासणी लागल्यास ५ महिने, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा त्याहून लांबतात, हे गृहीत धरूनच पाऊल टाकावे. गिझर फुटून कोणास इजा झाली किंवा घर जळाले, तर त्याच कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे.

सौंसरच्या एका भगिनीची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. शिवणयंत्राची मोटर तीन महिन्यांत जळाली. दुकानदार म्हणाला, तुम्ही शिवणाचे पैसे घेता, म्हणजे धंदा करता. ग्राहक कायदा तुम्हाला नाही. त्या गप्प बसल्या. कायदा व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूंना वगळतो हे खरे, पण केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः राबून चालविण्यास घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात हा भेद समजावून सांगितला आहे. घरी बसून चार ब्लाउज शिवणारी बाई ग्राहकच आहे.

आता आपल्या न्यासापुरते. प्रतिभा प्रतिष्ठानच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली असे ठरविले की, १९८६ च्या कायद्याखाली न्यास ही ‘व्यक्ती’ नसल्याने त्यास ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही. २०१९ च्या कायद्यात ‘व्यक्ती’ची व्याख्या अधिक रुंद केलेली आहे, तरी विश्वस्तांनी त्या भरवशावर राहू नये. संस्थेसाठी पाण्याचा कूलर वा पंखे घेताना दुरुस्तीच्या अटी विक्रेत्याकडून संस्थेच्या नावे लेखी घ्याव्यात. गरजू भगिनींना शिवणयंत्रे वाटली जातात त्यांची गोष्ट निराळी आहे. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारासही कायदा ग्राहक मानतो. तेव्हा यंत्राबरोबर बिलाची प्रत व गॅरंटीचे कार्ड त्या भगिनीच्या हाती द्यावे, आणि शक्य तर बिलच तिच्या नावे करावे. आजवर आपण यंत्र देतो, तिचे छायाचित्र काढतो, व कागद मात्र कार्यालयाच्या फाइलीत राहतात.