कानांवरचे संस्कार

एका वर्गात तीस-चाळीस मुले शेजारी शेजारी बसतात. त्यांची पुस्तके एक, गुरुजी एक, शाळेची घंटाही एकच. परंतु त्यांपैकी प्रत्येकाला, "तुला कोणते गाणे आवडते?" असे विचारून पाहा. एक जण अभंगाचे नाव घेईल, दुसरा चित्रपटातील गाणे सांगेल, तिसरा कव्वालीचा ठेका धरील, तर तांड्यावरून येणारी एखादी मुलगी आजीकडून ऐकलेले बंजारा गीत गुणगुणू लागेल. ही निवड ह्या मुलांनी केव्हा केली? "ह्यांतून तुझे गाणे निवड," असे त्यांना कोणी कधी सांगितले होते काय? तसे कधीच घडलेले नसते. आपण निवड करू लागण्यापूर्वीच घराने आपले कान घडविलेले असतात.

ही घडण फार लवकर सुरू होते. मूल आईच्या उदरात असते तेव्हाच, शेवटच्या तीन महिन्यांत, बाहेरचे आवाज त्याला ऐकू येऊ लागतात. त्यांत सर्वांत निकटचा आवाज आईचा. १९८० साली अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांनी तीन दिवसांहूनही लहान अर्भकांवर एक प्रयोग केला. बाळाच्या तोंडात रबरी बोंडी देऊन ती एका यंत्रास जोडली होती. बाळाने एका रीतीने चोखले की आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या रीतीने चोखले की परक्या स्त्रीचा. बाळे आईचा आवाज यावा अशाच रीतीने अधिक चोखू लागली. ज्याला अजून मानही सावरता येत नाही, त्याला आपला आवडता आवाज मात्र ओळखता येतो!

आपल्या मराठवाड्यात पूर्वी हा आवाज पहाटे जात्यापाशी ऐकू येई. आई दळावयास बसली की तान्हे मूल तिच्या मांडीवर निजे. जात्याची घरघर हाच ठेका आणि आईची ओवी हेच गाणे. आई काही संगीत शिकवीत नसे; ती जोंधळे दळीत असे. तरीही ओवीची चाल त्या मुलाच्या कानांत कायमची घर करी. पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ ह्या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, म्हणून तो मोठा ठेवा हाती राहिला.

सुरांप्रमाणे लयही घरीच कानांत बसते. आपल्या रूपक तालात सात मात्रा असतात. युरोपातील बाल्कन प्रदेशात सात मात्रांची लोकनृत्ये आहेत. पण उत्तर अमेरिकेतील घरांत अशी लय क्वचितच ऐकू येते. एरिन हॅनन व सँड्रा ट्रेहब ह्या दोन संशोधिकांनी २००५ साली तेथील बाळांना बाल्कन प्रदेशातील गाणी ऐकविली आणि मध्येच लय बिघडविली. सहा महिन्यांच्या बाळांना तो बिघाड जाणवला. बारा महिन्यांच्या बाळांना मात्र ओळखीच्या, सोप्या लयीतील बिघाडच तेवढा कळला. अनोळखी लयीतील कळला नाही. एका वर्षातच कान घरच्या लयीला सरावले होते. परंतु त्यांच्या घरी दोन आठवडे तशी गाणी लावून ठेवताच त्या बाळांना तो फरक पुन्हा कळू लागला. मोठ्या माणसांना तितक्याच ऐकण्याने तो नीट कळला नाही. लहानपणी कान किती मऊ असतात आणि पुढे ते कसे घट्ट होत जातात, हे ह्यावरून ध्यानात येईल.

मूल मोठे झाले तरी घरचा हा ठसा पुसत नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात २०१३ साली सुमारे वीस वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांना १९५५ ते २००९ ह्या काळातील लोकप्रिय गाणी ऐकविण्यात आली. त्यांना आपल्या काळातील गाणी आवडली, ह्यात नवल नाही. नवल हे, की आपले आईवडील तरुण असतानाची, म्हणजे स्वतःच्या जन्मापूर्वीची गाणीही त्यांना जवळची वाटली. आईवडिलांनी घरी ती वारंवार लावली असतील, असे संशोधकांनी अनुमान काढले. तुमच्या घरी स्वयंपाक करताना आई एखादे जुने गाणे म्हणत असेल, तर ते तुम्हालाही पाठ झाले आहे की नाही, ते पाहा.

आपल्याकडची उदाहरणे तर प्रसिद्धच आहेत. गोव्यातील कुर्डी गावी १९०४ साली जन्मलेल्या मोगूबाई कुर्डीकर ह्यांनी गायिका व्हावे, ही त्यांच्या आईची इच्छा होती. मोगूबाई थोर गायिका झाल्या आणि पुढे त्यांनी आपली कन्या किशोरी आमोणकर हिला गाणे शिकविले. परंतु केवळ आपल्याच गाण्यावर त्यांनी मुलीला थांबविले नाही. इतर घराण्यांतील गुरूंकडेही तिला शिकू दिले. म्हणूनच किशोरीताईंचे गाणे आईच्या गाण्यातून उगवले, तरी वाढले ते स्वतःच्या वाटेने.

पंडित भीमसेन जोशी ह्यांचा जन्म १९२२ साली गदग येथे झाला. वडील शाळेत मास्तर होते. मुलाने शिकावे, असे त्यांना वाटे. आई मात्र घरी भजने म्हणे. लहानगा भीमसेन भजनी दिंडीच्या किंवा वाजंत्र्यांच्या मागे जाई व थकून कोठेही झोपे. शेवटी वडिलांनी त्याच्या सदऱ्यावर 'जोशी मास्तरांचा मुलगा' असे लिहून ठेवले! तो अकरा वर्षांचा असताना, १९३३ साली, गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. मुलांनो, ह्या गोष्टीचे अनुकरण तुम्ही करू नका. पण एवढे लक्षात घ्या, की घर केवळ आज्ञेने आवड लावू शकत नाही. मुलाने उचलले ते वडिलांनी आखून दिलेले नव्हते. आई सहज गात होती, ते होते.

घरची आवड आपल्याला इतक्या लवकर मिळते, की तीच जगातील एकमेव उत्तम आवड आहे, असे वाटू लागते. ह्या चुकीचा मी स्वतःच दोषी आहे. माझ्या लहानपणी घरी दिवेलागणीला मनाचे श्लोक म्हटले जात. ते रचणारे समर्थ रामदास आपल्याच जालना जिल्ह्यातील जांब गावी जन्मले, ह्याचा माझ्या वडिलांना अभिमान होता. रेडिओवर नाट्यगीत लागले की घरात कोणी बोलत नसे. पुढे मी शिक्षक झालो. एकदा स्नेहसंमेलनाच्या तयारीत एका मुलाने बाकावर ठेका धरून गोंधळातील गाणे सुरू केले. "हे शाळेत शोभत नाही," असे म्हणून मी त्याला बसविले. मुले हसली. तो खाली मान घालून बसला.

त्याच वर्षी नवरात्रात मी अंबडला मत्स्योदरी देवीच्या दर्शनास गेलो. पायथ्याशी एका गोंधळ्याचा संबळ घुमत होता आणि शेजारी तुणतुणे घेऊन तोच मुलगा गात होता. त्याचा सूर ढळत नव्हता, लय चुकत नव्हती. आम्ही शाळेत पेटीवर महिनोन्‌महिने शिकवूनही जे मुलांना साधत नव्हते, ते त्याने बापाच्या शेजारी उभे राहून मिळविले होते. माझे कान तेव्हा उघडले. मी त्याच्या वडिलांना शाळेत बोलाविले. ते आले, संबळ वाजविला. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तो मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता. "तूही म्हण ना," असे मी दोनदा विनविले. तो हसला, पण गायला नाही. शाळा सोडीपर्यंत तो शाळेत कधीच गायला नाही.

मुलांनो, घराने दिलेले गाणे हे आपले पहिले धन होय. ते जपा, त्याची लाज बाळगू नका. आज रात्री आजीला किंवा आईला तिच्या लहानपणीचे एखादे गाणे म्हणावयास सांगा. आणि उद्या शेजारच्या बाकावरील मुलगा तुम्ही कधी न ऐकलेले गाणे म्हणू लागला, तर हसण्यापूर्वी ते शेवटपर्यंत ऐका. तेही कोणाच्या तरी घरातून आलेले असते.