जमिनीतील पाण्याची चाल व संगणकाचा अंदाज

सांगली जिल्ह्यातील मिरज, वाळवा व पलूस या तालुक्यांत कृष्णाकाठच्या काळ्या जमिनींस उसासाठी वर्षानुवर्षे बेसुमार पाणी दिल्याने अनेक ठिकाणी भूजल वर आले. वर आलेले पाणी वाफ होऊन उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. जमीन प्रथम पाणथळ व पुढे खारवट होते. अशा जमिनीत सच्छिद्र नळ पुरून भूमिगत निचरा करतात. दोन नळांत अंतर किती असावे, हे मुख्यतः मातीतून पाणी किती वेगाने झिरपते यावर ठरते. अंतर जास्त पडल्यास मधला पट्टा ओलाच राहतो. कमी पडल्यास खर्च विनाकारण वाढतो.

झिरपण्याचा नियम दार्सी या फ्रेंच अभियंत्याने वाळूच्या थरावर प्रयोग करून १८५६ साली मांडला. थराच्या दोन्ही बाजूंच्या पाणीपातळीतील फरक वाढला की प्रवाह वाढतो. थराची जाडी वाढली की तो घटतो. उरलेला भाग मातीच्या पाझरक्षमतेचा. माण-खटावच्या मुरमाड जमिनीत छिद्रे मोठी, म्हणून पाणी त्वरित खाली उतरते. काळ्या मातीत छिद्रे पुष्कळ, परंतु अतिशय बारीक. म्हणून ते रेंगाळते.

अनुभवी शेतकरी माती चिमटीत चोळून तिचा निचरा कसा असेल ते सांगतो. संगणकासही असेच शिकविता येते. वाळू, गाळ व चिकणमाती यांचे प्रमाण आणि मातीची घनता, तसेच प्रत्यक्ष मोजलेली पाझरक्षमता, अशी अनेक नमुन्यांची माहिती त्यास पुरवितात. त्यांतील संबंध ओळखून तो नव्या मातीचा अंदाज देतो. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेली ‘रोझेटा’ ही पद्धत अशीच असून, तिच्यात पाझरक्षमतेसाठी १,३०० हून अधिक नमुने वापरले होते.

परंतु ते नमुने बहुतांशी उत्तर अमेरिका व युरोप येथील होते. आपली काळी माती वाळली की भेगाळते. पहिले पाणी भेगांतून धावते. माती फुगून भेगा बुजल्या की तोच वेग एकदम मंदावतो. जमीन चोपण झाल्यास सोडियममुळे मातीचे कण सुटे होऊन छिद्रे बंद होतात. वाळू-चिकणमातीचे प्रमाण तेच, पाण्याची चाल मात्र निराळी!

यास्तव निचऱ्याची आखणी करण्यापूर्वी शेतात मोजणी करावी. गिरमिटाने भूजलाच्या खालपर्यंत भोक पाडावे व पाणी स्थिर होऊ द्यावे. नंतर ते उपसून पातळी पुन्हा किती वेळात किती वर चढते, हे घड्याळ लावून टिपावे. त्यावरून तज्ज्ञांस पाझरक्षमता काढता येते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा नोंदी मातीपरीक्षणाच्या अहवालासोबत जपून ठेवाव्यात. त्या शेताची आखणी तर त्यांवरून होईलच; शिवाय संगणकास कृष्णाकाठची माती शिकविण्यास लागणारे धडेही हेच होत.