फाटकावरचा माणूस

दिवाळीचे वेध लागले की आमच्या सोसायटीत एक कागद घरोघर फिरू लागतो. 'दिवाळीची पोस्त' हा त्याचा मथळा. खाली बेचाळीस बिऱ्हाडांचे खोलीक्रमांक आणि त्यांपुढे रिकाम्या चौकटी. कुणी शंभर लिहितो, कुणी पाचशे. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ गेली कित्येक वर्षे नेमाने एक्कावन्न लिहितात आणि वर पावती मागतात. गेल्या वर्षी हा कागद फिरविण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मी सोसायटीचा मानद चिटणीस. मराठीचा प्राध्यापक आहे, तेव्हा सभेचे इतिवृत्त तरी शुद्ध लिहील, एवढ्याच गुणावर मंडळींनी हे पद माझ्या गळ्यात घातले होते.

कागदाच्या तळाशी पोस्त घेणाऱ्यांची यादी असते. सफाईवाली, पाणी सोडणारा, पोस्टमन अशी ती जाते आणि शेवटी येते 'वॉचमन – ४'. नाव नाही, नुसता आकडा. त्यात काही चुकते आहे असे मलाही त्या रात्रीपर्यंत वाटले नव्हते.

रात्री अकराच्या सुमारास पाकिटे घेऊन मी खाली उतरलो. फाटकावरचा तरुण रक्षक पुस्तकात बोट घालून झटकन उभा राहिला.

"सर, ओळखलंत का मला?"

मी गोंधळलो. फाटकातून रोज जाता-येता मान हलवीत होतो, पण ती मान गणवेशाला होती.

"तिसऱ्या वर्षाला तुमच्या वर्गात होतो, सर. भाषाविज्ञान शिकवलं होतंत तुम्ही. तीन महिने झाले इथं लागून. म्हटलं, सर आपणहून बोलतील तेव्हा सांगू."

त्या पाकिटात पाचशेच्या दोन नोटा होत्या. ते त्याच्या हातात देताना मला जी लाज वाटली, ती कुठल्या शब्दात मांडावी हे एम. ए. होऊनही मला सुचलेले नाही.

मुलगा जालन्याकडचा. कोरडवाहू चार एकर, वडील थकलेले, धाकटी बहीण शिकणारी. बारावीनंतर चुलत्याकडे मुंबईत राहून त्याने मराठी घेऊन बी. ए. केले. आता पोलीस भरतीची तयारी चालली आहे. "किती पगार मिळतो रे?" असे मी विचारले, तेव्हा त्याने "पंधरा हजार" म्हणून सांगितले. किती तास? बारा. सुटी? सुटी घेतली की त्या दिवसाचे पैसे कापतात.

मी वर आलो आणि सोसायटीची फाईल काढून बसलो. त्याच्या पगाराच्या बिलावर दर महिन्याला सही मीच करीत होतो. एजन्सी आमच्याकडून दर रक्षकामागे २३,००० रुपये घेत होती आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. चार माणसांचे मिळून १,०८,५६० रुपये, म्हणजे घरटी सुमारे २,५८५. तो महिन्याचे तीस दिवस, रोज बारा तास, म्हणजे ३६० तास उभा राही. पंधरा हजारांना ३६० ने भागले. तासाला ४१ रुपये ६७ पैसे आले. फाटकासमोरच्या गाडीवर वडापाव आणि दोन कटिंग घेतले की तास संपला.

मी स्वतः नोकरीची पहिली चार वर्षे तासिका तत्त्वावर काढली आहेत. तासावर पोट बांधलेल्या माणसाला सुटीचा दिवस कसा दिसतो, हे मला कुणी सांगायला नको. तरीही रोज रात्री माझे दार राखणाऱ्या माणसाचा तास मी कधी मोजला नव्हता.

त्याचा महिन्याचा हिशेब त्याने मला वहीत लिहून दाखविला. भांडुपच्या टेकडीवरच्या खोलीत सहा जण. भाड्याचा वाटा २,५००. खाणावळीचे ३,५००. घरी पाठवायचे ६,०००. उरले तीन हजार. त्यात रेल्वेचा पास, मोबाईल, चहा, औषधपाणी आणि परीक्षेची पुस्तके. सहा जणांच्या खोलीत एका वेळी तिघेच झोपू शकतात. तिघे दिवसपाळीचे आणि तिघे रातपाळीचे असल्यामुळेच ती खोली सहांना पुरते.

पहारेकऱ्याचा धंदा काही आजचा नाही. गावगाड्यात जागल्या होता. पुण्याच्या बंगल्यांवर पूर्वी रामोशी असत. मुंबईच्या पेढ्यांवर आणि गोदामांवर पठाण आणि मग गुरखे आले. मराठी घरातला माणूस या धंद्यात मोठ्या संख्येने आला, तो मात्र गिरण्यांच्या संपानंतर. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतल्या कित्येकांना पुन्हा साचा दिसलाच नाही. साच्यावर हात बसलेले लोक मग कुणाच्या तरी फाटकावर काठी घेऊन बसले. आमचे दिवसपाळीचे मामा अशाच एका गिरणीकामगाराचे चिरंजीव. संगमेश्वराकडचे. सोसायटीतली मुले त्यांना 'मामा' म्हणतात, मुलांचे आईबापही 'मामा' म्हणतात. नऊ वर्षांत त्यांचे नाव कुणी विचारले नव्हते. वडील परळच्या ज्या गिरणीत होते तिच्या आवारात आता टोलेजंग इमारती उभ्या आहेत. "थयच्या गेटावर पण मी दोन वर्सा काढलंय," असे मामा हसत सांगतात.

बरे, कायदा नाही असेही नाही. महाराष्ट्राने तर यात देशाच्या आधी पाऊल टाकले. अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी चळवळीमुळे १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि त्याच धर्तीवर १९८१ साली खासगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा आला. या कायद्याची कल्पना मोठी साधी आहे. रक्षकांची नोंद एका मंडळाकडे, मालकाने वेतन आणि वर ठरावीक लेव्ही मंडळात भरायची; आणि मंडळाने रक्षकाला वेतन, भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस द्यायचा. मधल्या मध्ये पैसा झिरपायला जागा नको. या मंडळाच्या नोंदणीत नाव लागले म्हणजे रक्षकाच्या घरी पेढे वाटतात. पण जागा थोड्या आणि उमेदवार फार. आणि ज्या एजन्सीला कायद्यातून सूट मिळाली आहे तिचा कारभार वेगळा.

पुढे २००५ साली केंद्राचा कायदा आला. एजन्सीला परवाना हवा, रक्षकाचे वय अठरा ते पासष्टच्या दरम्यान हवे, त्याची पोलिसांकडून चारित्र्यपडताळणी व्हावी. आदर्श नियमांत १०० तास वर्गातले आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण सांगितले आहे. मी माझ्या विद्यार्थ्याला विचारले, "तुझं किती झालं?" तो म्हणाला, "सर, एका दुपारी कवायत झाली आणि शिट्टी दिली."

किमान वेतनाचेही तसेच. मूळ दर ठरलेला असतो आणि महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे त्यावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. भविष्यनिर्वाह निधीत कामगाराचे १२ टक्के, तितकेच मालकाचे. राज्य कामगार विम्याला कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के. मुलाने मोबाईलवर आपले निधीचे पासबुक उघडले. तीन महिन्यांपैकी एकाचीच रक्कम जमा होती. आम्ही एजन्सीला पैसे मात्र तिन्ही महिन्यांचे दिले होते.

आता पुढे जाण्याच्या वाटा पाहू. रक्षकाचा हेडगार्ड होतो, हेडगार्डचा सुपरवायझर, सुपरवायझरचा फील्ड ऑफिसर. दर पायरीला दोनचार हजार वाढतात आणि जबाबदारी दुप्पट होते. फील्ड ऑफिसर म्हणजे रात्री दुचाकीवरून दहा फाटकांवर जाऊन कोण झोपला आहे ते पाहणारा माणूस. सैन्यातून निवृत्त झालेल्यांना जरा बरा भाव असतो. हत्याराचा परवाना असेल तर रोकड नेणाऱ्या गाडीवर अधिक मिळते. २००८ च्या नोव्हेंबरातील हल्ल्यानंतर मॉल, हॉटेले, रुग्णालये सगळीकडे झडती सुरू झाली. तेव्हापासून स्त्रियांनाही या धंद्यात मागणी आली. २०१० च्या कायद्याने राज्याचे सुरक्षा महामंडळही स्थापन झाले. उलट बँकांच्या पुष्कळशा एटीएमवरचा रक्षक गेला आणि त्याच्या जागी कॅमेरा आला. माणसे लागतात, पण माणूस वर चढत नाही, अशी या धंद्याची आजची स्थिती आहे.

म्हणूनच तो मुलगा पोलीस भरतीकडे डोळे लावून बसला आहे. तिथे १६०० मीटर धावावे लागते. रात्रभर बारा तास उभे राहून सकाळी आठला सुटायचे आणि मग धावायचे. खुल्या प्रवर्गाला अठ्ठावीसपर्यंत मुभा. तो सव्वीस पुरा झालेला.

जानेवारीत मी विशेष सर्वसाधारण सभा बोलाविली. विषय एकच, बाराऐवजी आठ तासांच्या पाळ्या. सभेला कधी नव्हे ती गर्दी झाली, कारण खर्च वाढणार ही बातमी लिफ्टपेक्षा वेगाने वर गेली होती.

"प्राध्यापकसाहेब, भावना ठीक आहे; पण आपण काय धर्मादाय संस्था आहोत?" निवृत्त बँक अधिकारी म्हणाले.

दुसरे म्हणाले, "त्यापेक्षा आठ कॅमेरे लावा. कॅमेऱ्याला पोस्त लागत नाही."

यावर तळमजल्यावरच्या आजी उठल्या. "दोन हजार वीस साली, घराबाहेर पडायची बंदी होती, तेव्हा माझं दूध आणि गोळ्या दारात कुणी आणून ठेवल्या? कॅमेऱ्यानं?"

मी फळ्यावर हिशेब मांडला. जादा कामाचे पैसे कायद्याने दुप्पट दराने द्यावे लागतात. बारा तासांच्या पाळीत आठ तास साधे आणि चार दुप्पट, म्हणजे सोळा तासांचे पैसे. अशा दोन पाळ्या धरल्या तर चोवीस तासांच्या पहाऱ्याला बत्तीस तासांचे पैसे पडतात. आठ तासांच्या तीन पाळ्यांना मात्र चोवीसच. "आपल्याला बारा तासांची पाळी स्वस्त पडते," मी म्हणालो, "ती आठ तासांचे पैसे आपण बुडवतो म्हणून." बँकवाल्या गृहस्थांनी खिशातून पेन काढले, आकडे पुन्हा मांडले आणि ते गप्प बसले. हिशेबापुढे त्या पिढीची मान अजून वाकते, हे मला बरे वाटले.

शेवटी ठरले असे : मागचे फाटक रात्री बंद, दोन पाळ्यांना दोन-दोन आणि रात्री एक अशी पाच माणसे, आठवड्याची सुटी पगारी, नवी एजन्सी. दर माणशी २२,००० आणि जीएसटी धरून १,२९,८०० रुपये. वाढ घरटी ५०६ रुपयांची. बिलासोबत निधीच्या आणि विम्याच्या भरण्याची पावती आली नाही तर सही करायची नाही, अशीही अट घातली. जिन्याखाली एक न्हाणी-शौचालय बांधायचे ठरले. तोवर रक्षक त्यासाठी स्टेशनापर्यंत जात होते, हे सभेतल्या निम्म्या लोकांना त्याच दिवशी कळले. ठराव १९ विरुद्ध १४ मतांनी संमत झाला. एक्कावन्नवाल्या गृहस्थांनी विरोधात मत दिले, पण फाटकावरच्या पंख्याचे पैसे आपण देतो म्हणाले. पावती मागितली नाही.

ही गोष्ट इथेच संपविली असती तर वाचकांनाही फराळ गोड लागला असता. पण एप्रिलमधल्या एका दुपारी पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या एका इमारतीच्या फाटकावर मला मामा दिसले. वेगळा गणवेश, वेगळी टोपी.

"मामा, तुमची पाळी तीनला सुटली ना? आराम करायचा सोडून इथं काय?"

"सर, तुमी आठ तास केलंत, बरा केलंत," मामा शांतपणे म्हणाले. "पर पंधरा हजारांत मुंबईत चार माणसांचा भागत नाय. पयले बारा तास करीत होतो, आता सोळा करतो. पैसे तरी दोन जागचे मिळतत."

मी सभेत मांडलेला हिशेब चुकीचा नव्हता. एका तासाचे ४१ रुपयांवरून सुमारे ७२ झाले होते. पण मी फाटकाचा हिशेब मांडला होता. मामांच्या घराचा मांडला नव्हता. खोलीभाडे, मुलाची फी, बायकोचे औषध, यांतले काहीच आमच्या ठरावाने स्वस्त झाले नाही. आठ तासांच्या कामात माणसाचे घर चालले नाही, तर उरलेले तास तो विश्रांतीला ठेवत नाही. ते विकायला काढतो.

मुलाचे मात्र थोडे वेगळे झाले. घरच्या जबाबदाऱ्या त्यालाही आहेत, पण त्याला दुसरी नोकरी धरायची नाही, धावायचे आहे. पहाटे मुलुंडच्या मैदानावर तो धावतो. यंदा धावण्यात पुरेसे गुण पडले, लेखी परीक्षेत थोडे कमी पडले. मी त्याला रविवारी मराठीचे व्याकरण शिकवितो. पूर्वी वर्गात तो शेवटच्या बाकावर होता. आता समोर बसतो आणि मला अडवून प्रश्न विचारतो.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत आठ तासांची व्यवस्था आणखी एक वर्ष चालू ठेवण्याचे ठरले. मी माणशी दीड हजारांची वाढ सुचविली होती. ती पुढच्या सभेवर ढकलली गेली. इतिवृत्तात मी ते शुद्ध मराठीत लिहून ठेवले आहे आणि विषय पुन्हा आणणार आहे.

यंदाचा पोस्तीचा कागद कालच तयार केला. तळाशी 'वॉचमन – ५' असे न लिहिता पाच जणांची नावे लिहिली. मामांचे नाव लिहायला बसलो तर येईना. खाली उतरून विचारून यावे लागले. त्यांनी नाव सांगितले, वडिलांचे आणि आडनावही सांगितले, आणि विचारले, "कशाला हवा, सर? काय चुकला काय माझा?"