कळलावीला गावाबाहेर काढायचे का?

मार्गशीर्षातली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच दारात जीप येऊन थांबली. आत पस्तिशीचा शेतकरी आणि त्याची सत्तरीची आई. दोघांनाही रात्रीपासून उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब. घशात आग होते म्हणत होते.

"काय खाल्लंत?" मी विचारले.

"विशेष काही नाही डॉक्टर. बांधावरची कणगरं काढली आणि उकडून खाल्ली."

काहीतरी शिळेपाके पोटात गेले असेल, असे मी धरून चाललो. सलाईन लावले, उलटीचे इंजेक्शन दिले. संध्याकाळी दोघांना जरा हुशारी वाटली, तेव्हा घरी पाठवले. केसपेपरवर लिहिले, ‘गॅस्ट्रो’.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच जीप आली. म्हातारीला धाप लागलेली, लघवी बंद, हिरड्यांतून रक्त. दोघांनाही तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले. आई पाचव्या दिवशी गेली. मुलगा वाचला. दोन आठवड्यांनी तो दवाखान्यात आला, तेव्हा त्याचे केस मुठीमुठीने गळत होते.

पिशवीतला नांगर

आमच्या गावात रानातली, आपल्या मातीतली झाडे जपणारी काही मंडळी आहेत. निवृत्त गुरुजी, बँकेतले एक कारकून, औषध दुकानदार आणि कॉलेजात जाणाऱ्या दोन-तीन मुली. दर रविवारी पिशव्या घेऊन रानात जातात, बिया गोळा करतात. खरे सांगायचे तर मी त्यांना हौशी मंडळींत जमा धरत असे.

बातमी कळताच गुरुजी त्या घरी गेले होते. परसात उरलेले कंद पिशवीत घालून ते माझ्याकडे आले आणि त्यांनी एक कंद टेबलावर ठेवला. दोन बोटे काटकोनात धरावीत, तसा त्याचा आकार होता.

"डॉक्टरसाहेब, हे कणगर नव्हे. हा नांगर बघा. संस्कृतात हिला लांगली म्हणतात ती याच आकारावरून. ही कळलावी."

मी खुर्चीत मागे टेकलो. कळलावीत कोल्चिसिन असते, हे मी कॉलेजात विषशास्त्राच्या पुस्तकात वाचले होते. संधिवाताच्या एका प्रकारात, गाऊटमध्ये, तेच औषध आम्ही अगदी मोजून देतो. ते जास्त प्रमाणात पोटात गेले की पेशींचे विभाजन थांबवते. आधी आतड्याला इजा होते, म्हणून उलट्या-जुलाब. मध्ये थोडे बरे वाटते आणि इथेच माणूस फसतो. मग अस्थिमज्जेतले रक्त तयार होणे मंदावते, मूत्रपिंड, हृदय थकतात. जो वाचतो त्याचे केस गळतात. उकडल्याने हे विष जात नाही. त्यावर हमखास उतारा नाही. पहिल्या एक-दोन तासांतच रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचला, तर पोट धुऊन किंवा औषधी कोळसा देऊन थोडेफार विष अडवता येते. माझ्याकडे ते दोघे आले तेव्हा ती वेळ टळून गेली होती. पण कंद कसला, हे मी विचारले असते तर त्यांना संध्याकाळी घरी तरी पाठवले नसते. ही चूक माझी, आणि ती इथे लिहिली पाहिजे.

वेल उपटायची की ओळखायची?

वाडीत बैठक झाली. बांधावरची, कुंपणावरची सगळी कळलावी खणून जाळायची, असे ठरत होते. गुरुजी मला न्यायला आले. मी त्यांना सरळ सांगितले, "गुरुजी, माझे मत वाडीच्या बाजूने आहे. माणसापेक्षा वेल मोठी नाही."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "बरोबर. पण उपटायला ती ओळखता यायला हवी ना? ज्याला ओळखता येते त्याला तिचे भय नाही. ज्याला येत नाही, तो आज भलतीच वेल उपटेल आणि पुढच्या वर्षी भलताच कंद खाईल."

मग त्यांनी मला वाडीभर हिंडवले. मार्गशीर्षात कळलावी वाळून जाते. जमिनीवर ओळखीची काही खूण राहत नाही, राहतो तो कंद. श्रावण-भाद्रपदात मात्र ती लपत नाही. पानाचे टोक लांबून तणाव्यासारखे वळते आणि आधाराला धरते. फुलाच्या पाकळ्या वर उलटलेल्या, खाली पिवळ्या, वर लाल, जणू दिवटीच पेटली आहे. तामिळनाडूने हिला राज्यफूल केले आहे. तिथले शेतकरी बियांसाठी तिची लागवड करतात, कारण कोल्चिसिन औषध कारखान्यांना हवे असते.

माझा रुग्ण पंधरा वर्षे मुंबईत होता. आदल्या उन्हाळ्यातच गावी परतला होता. आईला सगळे कंद ठाऊक होते, पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि कंद सोलून शिजवून ताटात आलेले. म्हणजे माहिती घरातच होती, ती पुढच्या हातात गेली नव्हती.

बैठकीत मी एवढेच बोललो. अंगणाजवळची, पोरांच्या हाताशी येणारी कळलावी काढा. बाकीची राहू द्या आणि पावसाळ्यात प्रत्येक वेलीशेजारी खुंटी ठोका. बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी तो मुलगाच म्हणाला, "खुंट्या मी ठोकतो."

रानातली पेढी

डॉक्टराने झाडांची वकिली का करावी, असे काही वाचक विचारतील. त्यांच्यासाठी आणखी एक झाड सांगतो. सह्याद्रीत नरक्या नावाचे झाड आहे. फुलांना घाण वास येतो. नंदुरबारला जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत 1966 मध्ये एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच द्रव्य आपल्या नरक्यात दाखवून दिले. त्यापासून बनवलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे आज बीजकोश, फुफ्फुस आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरतात. ज्या झाडाने जीव वाचवायचे, त्याची मात्र बाजारात किंमत येताच बेसुमार तोड झाली. कळलावीवर भीतीने कुऱ्हाड येते, नरक्यावर लोभाने. दोन्हींचे मूळ अज्ञानातच.

आमची मंडळी आता उन्हाळ्यात बेहडा, हिरडा, कुसुंब, पळस, काटेसावर यांच्या बिया गोळा करतात, शाळेमागे रोपे करतात आणि ती देवराईच्या कडेने लावतात. पावसाळ्यात गाजरगवत फुलण्याआधी उपटतात. हे गवत परदेशातले. 1955 च्या सुमारास ते पुण्यात प्रथम लक्षात आले आणि पुढे देशभर पसरले. त्याने अंगाला येणारी खाज आणि सर्दी-दमा माझ्या दवाखान्यात नेहमीचा. उपटताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांनी या कामात पडू नये.

एवढे लक्षात ठेवा

1. खात्रीने ओळखत नसाल तो रानकंद खाऊ नका. ‘उकडला की चालतो’ हा समज चुकीचा आहे.

2. विषबाधेचा संशय आला तर खाल्लेल्या कंदाचा, पानाचा तुकडा, उलटी झाली असल्यास तीही, डॉक्टरकडे आणा. फोटोपेक्षा तुकडा बरा.

3. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी काढू नका. रुग्णालय गाठा.

4. उलट्या-जुलाब थांबले म्हणजे विष उतरले असे नाही. कंद खाल्ल्यावर बरे वाटले तरी रक्ततपासणी आणि देखरेख हवीच.

5. बाळंतपणाच्या कळा याव्यात म्हणून किंवा गर्भ पाडण्यासाठी कळलावीचा कंद कोणी देऊ केला, तर साफ नकार द्या. त्यात आईचा जीव जातो.

6. घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन एकदा बांधावरून फिरा. कोणते खायचे, कोणते नाही, हे त्यांचे डोळे शाबूत आहेत तोवर विचारून घ्या.

माझ्या टेबलावर आता काचेच्या बरणीत तो नांगर ठेवला आहे. उलट्यांचा रुग्ण आला की मी ‘काय खाल्लंत’ एवढ्यावर थांबत नाही. ‘कुठून आणलंत, कोणी ओळखलं, आणि उरलंय का’ हेही विचारतो. वाडीतल्या खुंट्यांना तो मुलगा दर पावसाळ्यात पांढरा रंग देतो. रविवारच्या फेरीला आता तोही गुरुजींसोबत जातो.